वाचकांचे प्रश्न : सीमेवरचा वकील, सेनापती आणि सिनेटर जॉन लोगन

गेल्या अंकातील हुतात्मा दिनाच्या टिपणात आम्ही ओघात एक वाक्य लिहिले होते. १७ जानेवारीला बेळगाव-निपाणीत सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मारकावर जशी फुले वाहिली जातात, तशी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस अमेरिकेत १८६८ साली एका वकिलाने ठरवून दिला, हा वकील पुढे सेनापती झालेला होता आणि तोही सीमेवरच्याच मुलखातला होता, एवढाच त्या वाक्याचा आशय होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्या एकाच माणसाला द्यायचे आम्ही ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : तो वकील-सेनापती कोण, आणि 'सीमेवरचा मुलूख' असे आपण कोणत्या अर्थाने म्हटले? आम्हा सीमावासीयांना त्या शब्दाने कुतूहल वाटले. (निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : त्याचे नाव जॉन अलेक्झांडर लोगन. त्याचा जन्म ९ फेब्रुवारी १८२६ रोजी इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाकडील जॅक्सन परगण्यात झाला. वडील आयर्लंडहून आलेले डॉक्टर होते आणि राज्याच्या विधिमंडळातही बसत. तरुण अब्राहम लिंकन तेव्हा त्याच विधिमंडळात होते आणि दोघांची मैत्री इतकी होती की १८३९ साली नवा परगणा निर्माण झाला तेव्हा त्याला या डॉक्टरांचेच नाव देण्यात आले. त्यामुळे राजकारण या मुलाने घरातच पाहिले होते.

आता मुलखाविषयी. इलिनॉयचे दक्षिण टोक पाचरीसारखे निमुळते होत जाते आणि ओहायो व मिसिसिपी या दोन नद्यांच्या संगमावर संपते. संगमावरच्या गावाचे नाव केरो. इजिप्तमधल्या कैरोवरून ते पडले आहे आणि त्या साऱ्या भागालाच लोक 'इजिप्त' म्हणत. ओहायोच्या पलीकडे केंटकी आणि मिसिसिपीच्या पलीकडे मिसूरी. ही दोन्ही राज्ये गुलामगिरी कायद्याने मान्य करणारी होती. इलिनॉयमध्ये ती बेकायदा होती, परंतु या टोकात वसलेली बहुतेक कुटुंबे केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया अशा दक्षिणी राज्यांतूनच आलेली होती. निपाणीच्या माणसाची सोयरीक जशी कागल-गडहिंग्लजात असते आणि लग्नसराईत त्याला राज्याची हद्द आठवतही नाही, तशीच त्यांची सोयरीक नदीपलीकडे होती. राजधानी स्प्रिंगफील्ड उत्तरेकडे होती आणि शिकागो तर आणखी दूर. बोलणे, चालीरीती आणि मनाचा ओढा मात्र दक्षिणेकडचा होता.

एवढे साम्य सांगून झाल्यावर भेदही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. आपल्याकडचा प्रश्न भाषेचा आणि कारभाराचा आहे, तर तिथल्या सीमेवर माणूस बाजारात विकता येतो की नाही हा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न एका मापाने मोजता येणार नाहीत, आणि आमच्या वाक्यातून तसे कोणाला वाटले असेल तर तो आमचा दोष आहे.

लोगन ऐन तरुणपणी अमेरिका-मेक्सिको युद्धात इलिनॉयच्या स्वयंसेवक पलटणीत सेकंड लेफ्टनंट झाला. परत आल्यावर तो १८४९ साली परगण्याच्या कचेरीत कारकून म्हणून निवडून आला, वकील मामांच्या हाताखाली कायदा शिकला आणि १८५१ मध्ये केंटकीतील लुईव्हिलच्या विद्यापीठातून त्याने कायद्याची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी तो विधिमंडळावर निवडून गेला आणि १८५३ ते १८५७ या काळात त्या भागाचा सरकारी वकीलही होता. त्या काळी न्यायाधीश आणि वकील घोड्यावरून एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात फिरत आणि जिथे मुक्काम तिथे कोर्ट भरे. १८५५ साली त्याचे लग्न मेरी कनिंगहॅम या सतरा वर्षांच्या मुलीशी झाले. आरोपपत्रांचे छापील नमुने मिळत नसल्यामुळे ती नवऱ्याबरोबर फिरून आरोपपत्रे हाताने लिहून देत असे. १८५८ साली तो वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला, तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. लोगनविषयी शोधताना १८५३ च्या एका काळ्या कायद्याचा उल्लेख सापडला. तो कायदा काय होता? तो करणाऱ्या माणसाचा गौरव आपण कसा करता? (खानापूर)

उत्तर : आपला प्रश्न या सदरातला सर्वात महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

इलिनॉयच्या १८४८ च्या राज्यघटनेत एक कलम असे होते की कृष्णवर्णीय लोकांना राज्यात येऊन वसण्यास बंदी करणारा कायदा विधिमंडळाने करावा. ते कलम लोकांसमोर स्वतंत्रपणे मतदानाला ठेवले गेले होते आणि मोठ्या बहुमताने संमत झाले होते. प्रत्यक्ष कायदा मात्र काही वर्षे झाला नव्हता. १८५३ साली पहिल्यांदाच निवडून आलेल्या सव्वीस वर्षांच्या लोगनने ते काम अंगावर घेतले. त्याने विधेयक मांडले, त्याची बाजू लढवली आणि फेब्रुवारीत ते संमत करून घेतले.

कायद्याची यंत्रणा अशी होती. बाहेरून आलेला कोणीही कृष्णवर्णीय माणूस, तो स्वतंत्र असला तरी, राज्यात दहा दिवसांहून अधिक राहिला तर तो गुन्हेगार ठरे आणि त्याला ५० डॉलर दंड होई. दंड भरता आला नाही तर त्याचा जाहीर लिलाव व्हायचा. त्याच्याकडून कमीत कमी दिवस काम करून घेण्याच्या बदल्यात दंडाची रक्कम भरायला जो तयार होईल, त्याच्या ताब्यात तो माणूस तेवढ्या मुदतीसाठी दिला जाई. म्हणजे ज्या राज्यात गुलामगिरी बेकायदा होती, त्याच राज्यात कोर्टाच्या हुकमाने माणसाची बोली लागत होती. हा कायदा केवळ कागदावर राहिला असेही म्हणता येत नाही. १८६३ साली, म्हणजे लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढल्यानंतर, कार्थेज या गावात या कायद्याखाली माणसांचा लिलाव झाला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६४ मध्ये तो कायदा वैध ठरवला.

लोगन तेवढ्यावर थांबला नाही. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याच्या कामाला विरोधक 'घाणेरडे काम' म्हणत. १८५९ च्या डिसेंबरात त्याने प्रतिनिधिगृहात उभे राहून सांगितले की ते घाणेरडे काम करायला आम्ही तयार आहोत. त्यावरून 'डर्टी वर्क लोगन' असे नाव त्याला पडले आणि ते बरीच वर्षे चिकटून राहिले.

मग तो बदलला कसा? एका रात्रीत बदलला असे त्याचे चाहते सांगत, परंतु कालक्रम पाहिला की ते खरे वाटत नाही. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेचे यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी मानणारी दक्षिणेतील राज्ये देशातून फुटून निघाली होती आणि लिंकनचे राष्ट्रीय सरकार त्यांच्याविरुद्ध उभे होते. १५ एप्रिलला मॅरियन गावी सभा भरली आणि देशाची फाळणी झालीच तर इलिनॉयचेही दोन तुकडे व्हावेत व दक्षिण टोकाने आपला वेगळा मार्ग धरावा असा ठराव तिथे झाला. दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला गेला. मॅरियन हे लोगनच्या सासुरवाडीचे गाव. तिथून काही तरुण नदी ओलांडून दक्षिणेच्या सैन्यात गेले आणि त्यांत त्याचा मेव्हणाही होता. त्या आठवड्यांत लोगन गप्प होता. त्याने या तरुणांना फूस दिली असा आरोप त्याच्यावर मरेपर्यंत होत राहिला आणि तो मरेपर्यंत नाकारत राहिला. आमच्या मते त्याचे मौन हा त्याच्या आयुष्यातला सर्वात अवघड काळ होता, कारण मतदार, नातलग आणि पक्ष हे तिन्ही एका बाजूला ओढत होते आणि देशाची शपथ दुसऱ्या बाजूला.

जून महिन्यात तो बोलला. स्प्रिंगफील्डजवळच्या छावणीत युलिसिस ग्रँट या पुढे सरसेनापती झालेल्या, पण तेव्हा अनोळखी असलेल्या कर्नलाची पलटण होती. तीस दिवसांसाठी आलेल्या त्या शिपायांनी तीन वर्षांसाठी नोंदणी करावी म्हणून त्यांच्यासमोर लोगनचे भाषण ठेवायचे होते. हा माणूस काय बोलेल याची ग्रँटला धास्ती होती, असे त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. लोगनने एकसंध राष्ट्राच्या बाजूने असे भाषण केले की जवळजवळ सगळी पलटण राहिली. पुढे त्याने आपल्याच भागात सभा घेतल्या, स्वतः एकतिसावी इलिनॉय पलटण उभारली, आणि ज्या परगण्यांतून बंडखोरांना शिपाई मिळतील अशी भीती होती तिथून राष्ट्रीय सैन्याला शिपाई मिळाले. एवढ्या एका कामासाठीही त्याचे नाव इतिहासात राहिले असते.

परंतु लक्षात घ्या की १८६१ चा लोगन राष्ट्रासाठी लढत होता, गुलामांच्या मुक्तीसाठी नव्हे. दुसरी पायरी यायला आणखी दोन वर्षे लागली. १८६३ च्या उन्हाळ्यात विजयी होऊन रजेवर आलेल्या लोगनने दक्षिण इलिनॉयमध्ये ठिकठिकाणी भाषणे केली, मुक्तीच्या जाहीरनाम्याचे उघड समर्थन केले आणि आपल्याच जुन्या डेमोक्रॅटिक पक्षातील, दक्षिणेशी तडजोड करून युद्ध थांबवा म्हणणाऱ्या शांतिवाद्यांवर कोरडे ओढले. युद्धानंतर तो लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात गेला आणि कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वाच्या व मताधिकाराच्या बाजूने उभा राहिला. १८८० नंतर सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, सार्वजनिक शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळावा म्हणून तो झटला. मद्यावरील कराचे उत्पन्न शाळांना द्यावे असा त्याचा प्रस्ताव होता आणि मुक्त झालेल्या लोकांची मुले त्याच्या डोळ्यांसमोर होती.

यात महत्त्वाकांक्षा नव्हती काय? होती. युद्धानंतर त्याच्या राज्यात रिपब्लिकन पक्षच प्रबळ होता, हे वस्तुस्थिती म्हणून सांगितले पाहिजे. तरीही १८६१ साली त्याने उचललेले पाऊल फायद्याचे नव्हते. त्या क्षणी त्याच्या गावात त्याला लोक फितूर म्हणत होते. म्हणून त्याचे परिवर्तन आम्ही खरे मानतो. परंतु त्या कायद्याची भरपाई त्याने केली असे आम्ही म्हणणार नाही, कारण तो कायदा त्याने रद्द केलेला नाही. तो रद्द झाला फेब्रुवारी १८६५ मध्ये, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारा माणूस होता शिकागोतला जॉन जोन्स नावाचा कृष्णवर्णीय शिंपी. त्याने स्वतःच्या कमाईतून चळवळ चालवली, १८६४ साली या कायद्यांविरुद्ध पुस्तिका लिहून छापली आणि सह्या गोळा केल्या. आपण कायदा शिकत आहात, म्हणून विनंती करतो की लोगनबरोबर या जोन्सचेही चरित्र शोधून वाचावे.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला सुभेदार आहे. लष्करी शिक्षण नसलेला वकील थेट जनरल होतो, हे आमच्या शिस्तीत बसत नाही. तो खरोखर लढला का, की नावापुरता? (बेळगाव)

उत्तर : सुभेदारसाहेब, आपली शंका रास्त आहे. त्या युद्धात दोन्ही बाजूंनी राजकारण्यांना जनरलपदे वाटली गेली आणि त्यांतल्या पुष्कळांनी आपल्या माणसांचा हकनाक बळी दिला. लोगन त्या यादीत अपवाद ठरला, आणि असे त्याच्याशी न पटणाऱ्या व्यावसायिक अधिकाऱ्यांनीही मान्य केले आहे.

जुलै १८६१ मध्ये तो अजून लोकप्रतिनिधीच होता. वॉशिंग्टनजवळ बुल रनची लढाई होणार असे कळताच साध्या कपड्यांत बंदूक घेऊन तो मिशिगनच्या एका पलटणीबरोबर रणांगणावर गेला. १५ फेब्रुवारी १८६२ रोजी फोर्ट डोनेल्सनला पलटण सांभाळताना खांद्याला गोळी लागून तो मरणाच्या दारात पोहोचला आणि मेरी त्याला शोधत नदीमार्गे तिथवर गेली. बरा होताच तो ब्रिगेडियर जनरल झाला आणि त्याने प्रतिनिधिगृहाचा राजीनामा दिला. १८६३ साली मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग शहराच्या वेढ्यात त्याच्या डिव्हिजनसमोरच्या बुरुजाखाली सुरुंग खणून २५ जूनला तो उडवण्यात आला. ४ जुलैला शहर शरण आले तेव्हा आत शिरणाऱ्या सैन्यात त्याची डिव्हिजन पहिली होती आणि शहराचा कारभारही त्याच्याकडेच सोपवला गेला. सावळा वर्ण आणि काळेभोर केस यांमुळे शिपाई त्याला 'ब्लॅक जॅक' म्हणत.

दक्षिणेतील अटलांटा शहराच्या लढाईची हकीकत मात्र तपशिलाने सांगण्यासारखी आहे. २२ जुलै १८६४ रोजी 'टेनेसी सैन्य' या नावाच्या राष्ट्रीय फौजेचा सेनापती मॅकफर्सन लढाई चालू असतानाच मारला गेला. शत्रू बाजूने आणि पिछाडीने येत होता. ज्येष्ठतेने सूत्रे लोगनकडे आली आणि तो घोडा फेकत फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मॅकफर्सनचे नाव घेत फिरला. मोडत आलेली फळी सावरली आणि दिवस हातचा गेला नाही. एवढे झाल्यावर ते पद त्याच्याकडे राहील असे सर्वांना वाटले, परंतु त्या आघाडीवरच्या सगळ्या फौजांचा प्रमुख शेरमन याने ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकलेल्या ऑलिव्हर हॉवर्डला दिले. कवायती पलटणींची हालचाल, रसद आणि नकाशे यांसाठी शिकलेला अधिकारी हवा असे शेरमनचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. तरीही हा लोगनवर अन्याय होता असेच आम्हाला वाटते, कारण पदाला लागणारी परीक्षा त्याने आदल्याच आठवड्यात रणांगणावर दिली होती. विशेष हे की त्याने राजीनामा दिला नाही. मुकाट्याने आपल्या पंधराव्या कोअरकडे परत जाऊन त्याने पुढच्या लढाया लढवल्या.

डिसेंबरात असा प्रसंग आला की तो वर चढू शकला असता. नॅशव्हिलला जनरल थॉमस हल्ला करायला उशीर लावतो म्हणून ग्रँटने त्याच्या जागी लोगनला पाठवले. लोगन वाटेत लुईव्हिलपर्यंत पोहोचला तोच थॉमसने लढाई जिंकल्याची बातमी आली. हुकूम खिशात असूनही तो पुढे गेला नाही.

आपल्यासारख्या माणसाला त्याचा आणखी एक प्रसंग अधिक पटेल. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनच्या खुनाची बातमी दक्षिणेतील रॅले शहराजवळच्या छावणीत पोहोचली आणि संतापलेले हजारो शिपाई शहर जाळायला निघाले. लोगन रस्त्यात आडवा उभा राहिला आणि माघारी फिरला नाहीत तर तोफा चालवीन असे त्याने आपल्याच माणसांना बजावले. शहर वाचले. पुढच्या महिन्यात, २४ मे रोजी, वॉशिंग्टनमध्ये विजयी सैन्याचे संचलन झाले तेव्हा हॉवर्डची नेमणूक दुसरीकडे झालेली होती, आणि टेनेसी सैन्याच्या अग्रभागी घोड्यावर लोगन होता.

प्रश्न : आमचा कापसाचा भाग. त्या युद्धाच्या वेळी इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता असे आजोबा सांगत. हे खरे आहे का? (शेतकरी, सौंदत्ती)

उत्तर : खरे आहे. इंग्लंडच्या गिरण्या प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसावर चालत. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लोगन ज्या मिसिसिपीच्या खोऱ्यात लढत होता तो ऐन कापसाचा मुलूख युद्धभूमी झाला. साहजिकच गिरणीवाले मुंबईकडे वळले. धारवाड-हुबळीकडे अमेरिकन बियाण्याचा कापूस त्याआधीपासूनच होत असे आणि 'धारवाड अमेरिकन' या नावानेच तो ओळखला जाई. १८६१ ते १८६५ ही वर्षे म्हणून या भागाला बरकतीची गेली. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या.

प्रश्न : लोगन पुढे सिनेटर झाला असे वाचले. तिथे सिनेटर लोक थेट निवडून देत होते का? (अथणी)

उत्तर : तेव्हा नाही. १९१३ पर्यंत सिनेटरांची निवड राज्यांची विधिमंडळे करत, साधारणपणे आपल्याकडे आमदार राज्यसभेचे सदस्य निवडतात तशी. लोगन १८७१ ते १८७७ आणि पुन्हा १८७९ पासून अखेरपर्यंत सिनेटर होता. त्याआधी, १८६८ साली, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालला तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या वतीने खटला चालवणाऱ्या सात जणांत तोही होता. जॉन्सन एका मताने सुटला.

१८८५ ची त्याची निवडणूक मात्र फार विलक्षण झाली. इलिनॉयच्या दोन्ही सभागृहांत मिळून २०४ सदस्य होते. पक्षबळ जवळजवळ समसमान होते आणि विजयाला १०३ मते हवी होती. महिनोन् महिने मतदान होत राहिले आणि निकाल लागेना. त्यातच विरोधी पक्षाचा एक सदस्य वारला. त्याचा मतदारसंघ विरोधकांचा बालेकिल्ला होता, त्यामुळे पोटनिवडणुकीत ते गाफील राहिले. लोगनच्या पक्षाने गाजावाजा न करता काम केले. गुरांचे व्यापारी, शिवणयंत्रे विकणारे अशा मिषाने कार्यकर्ते घरोघर फिरले असे सांगितले जाते. मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत कोणी हालचाल केली नाही आणि शेवटच्या काही तासांत सगळे मतदार बाहेर पडले. जागा मिळाली आणि १९ मे रोजी लोगन नेमक्या १०३ मतांनी निवडून आला.

त्याच्या आदल्याच वर्षी तो जेम्स ब्लेन यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता. न्यूयॉर्क राज्यात हजार-अकराशे मते कमी पडली आणि त्या एका राज्यामुळे सगळी निवडणूक हातची गेली. २६ डिसेंबर १८८६ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो साठ वर्षांचा होता. त्याचे पार्थिव संसदभवनाच्या मध्यवर्ती घुमटाखाली दर्शनासाठी ठेवण्यात आले.

प्रश्न : महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या लोकांत हा लोगन बसतो का? (कागवाड)

उत्तर : 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाली. गुलामांना दास्यातून मुक्त करताना दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि निरपेक्षतेबद्दल फुल्यांनी ती अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली. त्या वर्षी लोगन सिनेटमध्ये होता आणि मुक्त झालेल्यांच्या बाजूने बोलत होता, म्हणून काळाच्या हिशेबाने तो त्या लोकांत येतो. परंतु फुल्यांनी निरपेक्षता ही कसोटी लावली आहे, आणि त्या कसोटीला १८५३ चा लोगन मुळीच उतरत नाही. १८६१ चा अर्धवट उतरतो आणि नंतरचा बऱ्याच अंशी. दहा दिवस राहिल्याबद्दल ज्यांची बोली लागली त्या माणसांनी त्याला त्या अर्पणपत्रिकेत घेतले असते काय, असे विचारले तर आमचे उत्तर 'नाही' असे आहे. अर्पणपत्रिकेतली जागा आम्ही शिकागोच्या त्या शिंप्याला आधी देऊ.

प्रश्न : थडग्यांवर फुले वाहण्याची पद्धत खरोखर त्यानेच सुरू केली का? (चिकोडी)

उत्तर : पद्धत त्याने सुरू केली नाही. तिला ठरलेला एक दिवस आणि देशव्यापी रूप त्याने दिले. १ मे १८६५ रोजी दक्षिणेतील चार्ल्सटनमध्ये नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांनी कैदेत मेलेल्या राष्ट्रीय सैनिकांची थडगी नीट बांधून त्यांवर फुले वाहिली होती. एप्रिल १८६६ मध्ये मिसिसिपीतील कोलंबसच्या स्त्रियांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले ठेवली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला इलिनॉयमधल्या कार्बनडेलच्या स्मशानभूमीत असा कार्यक्रम झाला आणि तिथे भाषण लोगनचेच होते. मार्च १८६८ मध्ये मेरी व्हर्जिनियात गेली असताना पीटर्सबर्गच्या स्मशानात दक्षिणी सैनिकांच्या थडग्यांवर सुकलेली फुले आणि छोटी निशाणे तिने पाहिली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितली, असे तिने स्वतः लिहिले आहे.

लोगन तेव्हा माजी सैनिकांच्या 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' या संघटनेचा प्रमुख होता. ५ मे १८६८ रोजी त्याने अकरा क्रमांकाचा आदेश काढला आणि ३० मे हा दिवस त्यासाठी नेमून दिला. आदेशाचे शब्द राष्ट्राच्या रक्षणासाठी पडलेल्या साथीदारांपुरते होते. बंडखोर बाजूच्या मृतांचा त्यांत समावेश नव्हता आणि दक्षिणेतील राज्यांनी पुष्कळ वर्षे आपले वेगळे दिवस पाळले, त्याचे एक कारण हेही होते. १९७१ पासून हा दिवस मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळला जातो.

पहिल्या ३० मे रोजी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनमध्ये सुमारे पाच हजार लोक जमले. मुख्य भाषण जेम्स गारफिल्ड यांचे झाले. तेही वकील, सेनापती आणि लोकप्रतिनिधीच होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. भाषण संपल्यावर सैनिकांची अनाथ मुले वीस हजारांहून अधिक थडग्यांमधून फुले ठेवत गेली.